कार्डावरचा आकडा आला कुठून?

गावात आरोग्य शिबिर झालं, की पुढच्या गट बैठकीत हप्त्यांचा हिशेब जरा लांबतो. आधी कार्डं बाहेर निघतात. कार्डावर उंची असते, वजन असतं आणि त्याच्याखाली ‘बीएमआय’ म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. कुणाचा 17, कुणाचा 22, कुणाचा 28. ज्यांना ‘नॉर्मल’ म्हटलं त्या निवांत होतात. ज्यांना ‘जास्त’ म्हटलं त्या कार्ड पदराखाली धरतात. आणि 17 वाली म्हणते, “मी पहिल्यापासून काटकच आहे, मला काय होतंय!”

गटांचं काम पाहताना आम्हाला हा प्रश्न गावोगावी विचारला जातो, की हा आकडा खरा किती? त्याचं उत्तर द्यायचं तर त्याचा इतिहास सांगावा लागतो. कोणतंही माप कुणी केलं, कशासाठी केलं आणि कुणाला मोजून केलं हे कळलं, की त्यावर किती भरवसा ठेवायचा तेही आपोआप कळतं. म्हणून आज हीच गोष्ट ऐकू या.

आधी आकडा कसा काढतात ते पाहू. बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स. आपलं वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घ्यायची. उंचीला उंचीनंच गुणायचं आणि आलेल्या उत्तरानं वजनाला भागायचं. समजा एका ताईंची उंची 150 सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटर आहे. दीड गुणिले दीड झाले 2.25. वजन 45 किलो असेल तर 45 भागिले 2.25, उत्तर आलं 20. झाला बीएमआय. जगभर वापरतात त्या तक्त्यात 18.5 च्या खाली कमी वजन, 25 आणि त्यावर जास्त वजन, 30 आणि त्यावर लठ्ठपणा असं धरलं जातं.

गणित सोपं आहे. पण हे 25 आणि 30 आले कुठून?

तारे मोजणारा माणूस

ही गोष्ट सुरू होते युरोपातल्या बेल्जियम देशात. 1796 साली तिथल्या गेंट शहरात अडॉल्फ केटेले यांचा जन्म झाला. ते डॉक्टर नव्हते. गणित आणि खगोलशास्त्र हे त्यांचे विषय. ब्रुसेल्सची वेधशाळा त्यांच्या पुढाकारानं उभी राहिली.

त्या काळी ताऱ्याची जागा ठरवायची, तर एकच मोजणी करून भागत नसे. अनेकदा मोजायचं आणि सगळ्या मोजण्यांची सरासरी काढायची. केटेलेंच्या मनात आलं, की ताऱ्यांची सरासरी निघते तशी माणसांची का निघू नये? मग त्यांनी माणसांची मापं गोळा केली. बाळांची लांबी, मुलांची वाढ, मोठ्यांची उंची आणि वजन. स्कॉटलंडच्या पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या छातीच्या मापांवरही त्यांनी हिशेब केला. 1835 साली त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्यांनी ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली.

या कामात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मोठ्या माणसांची तुलना केली, तर वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतं. वर्ग म्हणजे उंची गुणिले उंची. आज आपल्या कार्डावर येणारा भागाकार तो हाच.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवू या. कोण जाड, कोण बारीक, कोण आजारी पडेल, हा केटेलेंचा प्रश्नच नव्हता. त्यांना समाजाची सरासरी हवी होती. आपल्याकडे गावाची पैसेवारी काढतात, तसं समजा. अख्ख्या गावाचं पीक किती आलं हे पैसेवारीवरून कळतं. गावाची पैसेवारी पन्नासच्या वर लागली, तरी ओढ्याकाठच्या एखाद्या ताईंचं शेत वाहून गेलेलं असतं. तिचं नुकसान पाहायचं तर तिच्या बांधावरच जावं लागतं. केटेलेंचं सूत्र हे असं पैसेवारीसारखं होतं. 1874 साली ते गेले, तेव्हा एका माणसाच्या तब्येतीचा निवाडा त्या सूत्रानं करावा असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

विमा कंपनीचा तक्ता

पुढची गोष्ट अमेरिकेतली. विसाव्या शतकात तिथल्या विमा कंपन्यांना एक चिंता होती. कोण लवकर मरेल आणि कुणाच्या विम्याचे पैसे लवकर द्यावे लागतील? त्यांच्याकडे विमा काढलेल्या लोकांच्या उंची-वजनाच्या लाखो नोंदी होत्या आणि कोण किती वर्षं जगलं तेही लिहिलेलं होतं. जाड माणसं लवकर दगावतात असं त्यांना त्या नोंदींत दिसलं. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीनं 1942 आणि 1943 मध्ये बायकांचे आणि पुरुषांचे ‘आदर्श वजनाचे’ तक्ते छापले. एवढ्या उंचीला एवढं वजन. 1959 मध्ये त्यांची सुधारलेली आवृत्ती आली. दवाखान्यांच्या भिंतींवर हे तक्ते लागले.

आता या नोंदी कुणाच्या होत्या? त्या काळात ज्यांना विमा परवडत होता त्यांच्या. म्हणजे बहुतेक गोऱ्या, खाऊन-पिऊन सुखी अमेरिकनांच्या. काहींचं वजन कपडे आणि बूट घालून घेतलेलं, काहींनी नुसतं तोंडी सांगितलेलं. त्यातून तक्त्यात लहान हाडाचे, मध्यम हाडाचे आणि मोठ्या हाडाचे असे तीन रकाने होते, पण नोंदी गोळा करताना हाड कुणी मोजलेलंच नव्हतं. धंद्यासाठी केलेला तो अंदाज होता. धंद्याला तो पुरेसा होता. तब्येतीच्या कामाला तो अपुरा पडतो, हे पुढे डॉक्टरांनाही खटकायला लागलं.

7,400 पुरुष आणि एकही बाई नाही

ज्यांना खटकलं त्यांच्यात अँसेल कीज होते. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातले हे संशोधक अन्न आणि हृदयविकार यांच्या संबंधावर काम करत होते. विम्याच्या तक्त्यापेक्षा बरं असं काही सूत्र मिळतं का, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. उंची आणि वजन यांवरून काढलेली वेगवेगळी सूत्रं घेतली आणि अंगातल्या चरबीशी कुठलं अधिक जुळतं ते पाहिलं. चरबी कशी मोजली? कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजून. काही जणांची शरीराची घनताही काढली.

1972 साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. केटेलेंचं जुनं सूत्र त्यातल्या त्यात बरं आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं ते याच लेखानं. हे माप पूर्ण समाधानकारक आहे असा दावा कीज यांनीही केला नव्हता. दुसऱ्या सूत्रांच्या मानानं चांगलं आणि काढायला सोपं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी.

या अभ्यासात सुमारे 7,400 माणसं होती. अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतली. सगळे पुरुष. बाई एकही नाही, भारतातलं कुणी नाही. बाईच्या अंगात पुरुषापेक्षा निसर्गतःच चरबी जास्त असते. गरोदरपणात आणि दूध पाजताना ती कामी येते. म्हणजे बाईचा आणि पुरुषाचा बीएमआय सारखाच आला, तरी आतली शरीरं वेगळी असतात. तरीही दोघांना रेषा एकच लावली गेली.

भूक मोजायलाही हाच आकडा

बीएमआयनं वाईटच केलं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. या आकड्यानं आपल्यासारख्या बायकांचं एक मोठं काम केलं आहे.

1980 च्या दशकात काही आहारतज्ज्ञांपुढे वेगळाच प्रश्न होता. जगात मोठ्या माणसांची उपासमार किती आहे, हे मोजायचं कसं? लहान मुलांना मोजायच्या पद्धती होत्या, मोठ्यांसाठी नव्हत्या. 1988 मध्ये त्यांनी बीएमआय 18.5 ची खालची रेषा सुचवली. माणूस सतत तिच्याखाली राहिला तर त्याला पुरेसं अन्न मिळत नाही, असं समजावं. आपल्या देशातही हीच रेषा वापरात आली.

1998-99 पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांची उंची आणि वजन मोजायला लागले. 2005-06 च्या सर्वेक्षणात दिसलं, की देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमधल्या 35 हून अधिक बायका 18.5 च्या खाली आहेत. म्हणजे दर तिघींमागे एक. आपल्या आयाबहिणी सगळ्यांना वाढून झाल्यावर मागून जेवतात, उरलंसुरलं खातात, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघत होतो. त्याला आकडा मिळाला, म्हणून ते सरकारदरबारी मांडता आलं. 2019-21 च्या सर्वेक्षणात हे प्रमाण शंभरात 19 च्या आसपास आलं. त्याच वेळी 25 आणि त्यावर असलेल्या बायका शंभरात 24 झाल्या. देश कुठल्या दिशेनं चालला आहे, हे या दोन आकड्यांवरून झटकन कळतं. पैसेवारीचं काम पैसेवारीनं चोख केलं.

गडबड होते ती पुढे. गावाची पैसेवारी आपण एकेका शेतावर लावायला लागतो तेव्हा.

रेषा सरकते, बाई तिथंच असते

25 आणि 30 या रेषा जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 च्या दशकात पक्क्या केल्या. त्याआधी अमेरिकेत वेगळी रेषा होती. तिथं पुरुषांना 27.8 आणि बायकांना 27.3 पर्यंत ‘जास्त वजन’ म्हणत नसत. 1998 मध्ये अमेरिकेनंही 25 ची रेषा घेतली. काल रात्री निरोगी म्हणून झोपलेले कोट्यवधी अमेरिकन दुसऱ्या दिवशी ‘जास्त वजनाचे’ म्हणून उठले. कुणाचं वजन छटाकभरही वाढलं नव्हतं.

आपल्याकडे उलटा अनुभव येत होता. भारतात, चीनमध्ये, जपानमध्ये डॉक्टरांना दिसत होतं, की 25 च्या खूप खाली असलेल्या माणसांनाही मधुमेह होतो आहे, रक्तदाब वाढतो आहे. म्हणून 2000 मध्ये आशियातल्या लोकांसाठी 23 ही रेषा सुचवली गेली. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की 25 आणि 30 या जागतिक रेषा राहू द्या, पण आशियाई लोकांनी 23 पासूनच सावध व्हावं. 2009 मध्ये भारतातल्या तज्ज्ञांनी आपल्यासाठी 23 ला जास्त वजन आणि 25 ला लठ्ठपणा असं ठरवलं.

याचा अर्थ आपल्या हिशेबात काय होतो? 150 सेंटिमीटर उंचीच्या ताईंचं वजन 54 किलो असेल तर बीएमआय 24 येतो. सरकारी सर्वेक्षण त्यांना ठीक म्हणेल, कारण तिथं अजून 25 ची रेषा आहे. भारतीय रेषा लावणारे डॉक्टर म्हणतील, “ताई, वजन जास्त आहे.” ताई त्याच, काटा तोच. म्हणून कार्डावर ‘नॉर्मल’ किंवा ‘जास्त’ लिहिलेलं असेल, तर कुठली रेषा लावली हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

पुण्याजवळची सहा गावं

आपल्या लोकांचंच असं का होतं? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांचा मोठा वाटा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना दिसत होतं, की परदेशी पुस्तकांत मधुमेहाचा रुग्ण लठ्ठ आणि वयस्क असतो, पण आपल्याकडे येणारे रुग्ण त्या मानानं तरुण आणि बारीक आहेत. 1993 पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायका काय खातात, किती कष्ट करतात आणि त्यांची बाळं कशी जन्मतात, याची त्यांनी बारकाईनं नोंद केली. सुमारे 800 गरोदरपणं या अभ्यासात होती. या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होतं. बीएमआय साधारण 18.

बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं. इंग्लंडच्या साउदम्प्टन शहरातल्या बाळांचं 3.5 किलो होतं. इथवर कुणालाही नवल वाटणार नाही. पण बाळांची मापं नीट ताडून पाहिली तेव्हा एक नवीच गोष्ट कळली. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबी राखून असलेलं. अशा बाळांना इंग्रजीत ‘थिन-फॅट’ म्हणायला लागले.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आकडा एक आणि चरबी दुपटीहून जास्त. ज्यांनी हा विषय अभ्यासला, त्यांचंच शरीर पुरावा म्हणून पुढे आलं.

याच गावांतल्या अभ्यासानं आणखी एक गोष्ट सांगितली. ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा येत होतं, त्यांची बाळं अंगानं मोठी होती. ज्या बायका जास्त कष्ट उपसत होत्या, त्यांची लहान. म्हणजे आजच्या मधुमेहाची मुळं आईच्या ताटात आणि तिच्या डोक्यावरच्या हंड्यातही आहेत. बारीक बाईला मधुमेह होऊ शकतो, म्हणून तिनं कमी खावं असा याचा अर्थ कुणीही काढू नये. अर्थ नेमका उलटा आहे. सुनेला गरोदरपणात पोटभर आणि चांगलं खायला मिळालं, कामातून उसंत मिळाली, तर नातवंडांचं शरीर घट्ट पायावर उभं राहतं.

लिटर मापलं, फॅट राहिलं

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकजणी रोज डेअरीवर दूध घालता. दोघींच्या किटल्यांत पाच-पाच लिटर दूध असलं, तरी दोघींना भाव एकच मिळतो का? नाही मिळत. आधी दुधाचं फॅट लागतं, मग भाव ठरतो. बीएमआय म्हणजे नुसते लिटर. अंगात हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी बसली कुठं, यातलं काहीच तो सांगत नाही.

आणि चरबी बसली कुठं यालाच महत्त्व आहे. मांड्या आणि नितंब यांवरची चरबी तेवढी त्रास देत नाही. पोटात, यकृताभोवती साठलेली चरबी रक्तातली साखर बिघडवते.

आमच्या एका गटात बेचाळीस वर्षांच्या एक शेतमजूर ताई आहेत. उंची 150 सेंटिमीटर, वजन 47 किलो, बीएमआय 20.9. शिबिरात त्यांच्या कार्डावर ‘नॉर्मल’ लिहून पुढे पाठवलं, साखर तपासली नाही. हातपाय काटकुळे, पण पोट सुटलेलं. पायाची जखम भरेना म्हणून सहा महिन्यांनी त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा साखर वाढलेली निघाली. त्यांच्या कार्डावरचा आकडा चुकीचा नव्हता. त्या आकड्याला जे विचारताच येत नाही, ते कुणी विचारलंच नव्हतं.

उलटंही होतं. बारा महिने ओझी वाहणाऱ्या, विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या बाईचे स्नायू भक्कम असतात आणि तिचा आकडा 24 येऊ शकतो. साठीच्या आजींचे स्नायू झिजतात, त्या जागी चरबी येते, उंचीही थोडी घटते, त्यामुळे आकडा ठीक दिसतो आणि अंगात ताकद नसते. गरोदर बाईला हा तक्ता लागू होत नाही, कारण वजनात बाळही असतं. मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात, मोठ्यांची 18.5 ची रेषा त्यांना लावायची नसते. आणि रक्ताचं तर काहीच यातून कळत नाही. 2019-21 च्या सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या 57 बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्यात बारीक होत्या तशा भरल्या अंगाच्याही होत्या.

त्याच सर्वेक्षणात पहिल्यांदाच कंबर आणि नितंब यांचं प्रमाण मोजलं गेलं. बीएमआयनं शंभरातल्या 24 बायका जास्त वजनाच्या ठरल्या होत्या. कंबरेच्या मापानं धोक्यात असलेल्या बायका निघाल्या शंभरात जवळपास 57.

आता जगभरातले डॉक्टरही हेच म्हणायला लागले आहेत. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं, की बीएमआय अपुरा आहे, त्याच्या जोडीला दुसरी मापं घ्या. 2025 च्या सुरुवातीला जगातल्या तज्ज्ञांच्या एका आयोगानं सांगितलं, की एका माणसाचा लठ्ठपणा ठरवताना एकट्या बीएमआयवर विसंबू नका, कंबर मोजा किंवा चरबी मोजा, आणि शरीरावर काय परिणाम झाला आहे ते बघा.

दोरी, टेप आणि चार प्रश्न

मग आपण गटात काय करायचं? कार्ड फेकून द्यायचं नाही. वजन आणि उंची मोजायलाच हवी. आकडा 18.5 च्या खाली असेल किंवा 23 च्या वर असेल, तर ती पहिली खूण आहे. त्यानंतर पुढचं बघायचं.

एक सोपं माप दोरीचं. आपल्या उंचीएवढी दोरी घ्यायची आणि मधोमध दुमडून अर्धी करायची. ती अर्धी दोरी कंबरेभोवती गुंडाळायची. टोकं जुळली तर बरं. जुळली नाहीत, मध्ये पोट उरलं, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायचा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा, असं ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शन संस्थेनंही 2022 मध्ये सांगितलं आहे. दोरीला वाचता यावं लागत नाही आणि ती उंच-बुटक्या सगळ्यांना चालते. फक्त गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला लावायची नाही.

दुसरं माप टेपचं. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची. साडीच्या निऱ्यांवरून नको, श्वास ओढून धरायचा नाही. भारतीय बायकांसाठी 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच ही मर्यादा धरतात. 150 सेंटिमीटर उंचीच्या बाईला दोरी 75 वरच सावध करते, टेप 80 वर. दोरी जरा आधी हाक मारते, इतकंच.

तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकीचा एक फॉर्म आशाताई भरून घेतात. त्यात कंबरेच्या मापाचा रकाना आहे. बायकांसाठी 80 पर्यंत शून्य गुण, 81 ते 90 ला एक आणि 90 च्या वर दोन. हा रकाना अंदाजानं भरू देऊ नका. “आशाताई, टेप काढा,” म्हणा. लाजायचं कारण नाही, एकमेकींनी मोजायला मदत करायची.

आणि पुढच्या शिबिरात कार्ड हातात आलं, की चार प्रश्न विचारायचे. माझी कंबर मोजली का? रक्तदाब घेतला का? साखर तपासली का? हिमोग्लोबिन किती आहे? आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, किंवा गरोदरपणात आपली साखर वाढली असेल, तर ते आपणहून सांगायचं, आकडा कितीही चांगला आला तरी.

गटात एक नियमही करू या. कुणाच्या आकड्यावरून कुणाला ‘जाडी’ किंवा ‘काडी’ म्हणायचं नाही. ज्या आकड्याला नाव देणाऱ्या अभ्यासात एकही बाई मोजली गेली नव्हती, त्यावरून बाईची किंमत आपण तरी करू नये. 17 वाली कमी खाते आहे का, घरात तिच्या ताटात शेवटी काय उरतं, हे तिच्याशी बसून बोलायचं. 28 वालीसोबत संध्याकाळी चालायला जायचं. आणि 21 वालीला विचारायचं, “बाई, साखर तपासलीस का गं?”

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या उंचीची दोरी घेऊन यावं. नोंदवहीत हप्त्याच्या रकान्याशेजारी कंबरेचा एक रकाना आखून ठेवा. दर तीन महिन्यांनी त्यात माप लिहा. बचतीचा आकडा वाढावा, कंबरेचा वाढू नये, एवढं बघत राहू या. नमस्कार.